न लागणारा स्वर : क्लॅरिनेटमधील एका दोषाचे निदान

१

वाद्य मुळीच न वाजणे ही अडचण मोठी असली, तरी तिचे निदान सहसा सोपे असते. एकच स्वर कधी लागतो व कधी लागत नाही, ही अडचण लहान दिसते. परंतु तिचे निदान करताना अनुभवी वादकही चकतो. न वाजणारे वाद्य दुरुस्तीला जाते. अधूनमधून दगा देणाऱ्या स्वराचा दोष मात्र वादकाच्या पदरी पडतो. जो स्वर दहांपैकी सात वेळा लागला, तो उरलेल्या तीन वेळा लागला नाही याचे कारण वादकाची कुचराईच असली पाहिजे, असे श्रोता सहज मानतो. आणि पुष्कळदा वादकालाही तसेच वाटू लागते.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात, पुणे–नगर रस्त्यावर वसलेले सुपा हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. सुप्यासारख्या गावी लग्नाची वरात किंवा परण्या बँडपथकाशिवाय निघणे विरळाच. पथकातील ढोल व खुळखुळे ताल धरतात, मोठी पितळी वाद्ये भरणा करतात; पण गाण्याची चाल लोकांच्या कानी पोहोचवण्याचे काम क्लॅरिनेट व ट्रंपेट यांच्याकडे असते. चालीच्या मध्यावर क्लॅरिनेटचा एखादा स्वर गळाला, तर गाणेच मोडल्यासारखे होते. पथकाची सुपारी तोंडी कीर्तीवर मिळते. त्यामुळे वादकाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ नादशास्त्राचा नसून उदरनिर्वाहाचाही असतो. प्रस्तुत लेखात अशा एका स्वराचे उदाहरण घेऊन त्यातील दोष कसा शोधावा याचे विवेचन केले आहे. या शोधाची पद्धती भाषाभ्यासकांना अपरिचित नाही, हेही त्यातून दिसून येईल.

प्रथम नावाविषयी. ग्रांथिक मराठीत ‘क्लॅरिनेट’ हे रूप आढळते. वादकांच्या बोलण्यात ‘क्लॅरोनेट’ किंवा ‘क्लॅरिओनेट’ ही रूपे ऐकू येतात. यांतील ‘क्लॅरिओनेट’ला अपभ्रंश म्हणून हसण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीत हेच रूप प्रचारात होते. लष्करी बँडांबरोबर हे वाद्य हिंदुस्थानात रुळले, तेव्हा त्याचे त्या काळचे नावही येथे रुजले आणि मूळ भाषेत मागे पडल्यावरही येथे टिकले. नगरचा किल्ला १८०३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला व पुढे तेथे छावणी वसली. तेव्हा या जिल्ह्याला बँडच्या वाद्यांची ओळख फार उशिरा झाली असे मानण्याचे कारण नाही. आज देशातील बँडवाद्यांच्या निर्मितीचे एक प्रमुख केंद्र म्हणून मेरठ शहर प्रसिद्ध आहे.

२

दोषाची चिकित्सा करण्यापूर्वी वाद्याची रचना ध्यानी घेणे अवश्य आहे. क्लॅरिनेट म्हणजे एका टोकाला बंद असलेली, जवळजवळ सारख्या व्यासाची नळी. माउथपीसवर बांधलेली वेताची पातळ पत्ती, जिला वादक ‘रीड’ म्हणतात, फुंकरीने थरथरते आणि नळीतील हवेचा स्तंभ कंप पावतो. नळीला ओळीने छिद्रे असतात. काही बोटांनी थेट झाकली जातात, काहींवर कळीने उघडझाप होणारी पॅड बसवलेली असतात. वरून खाली सलग जितकी छिद्रे बंद, तितका हवेचा स्तंभ लांब आणि तितका स्वर खालचा.

सनई व क्लॅरिनेट यांत येथे एक महत्त्वाचा भेद आहे. सनईची नळी शंकूच्या आकाराची असते; म्हणून जोराने फुंकल्यावर त्याच बोटांनी वरच्या सप्तकातील तोच स्वर मिळतो. क्लॅरिनेटची नळी समान व्यासाची आणि एका टोकाला बंद. अशा नळीत मूळ कंपनसंख्येच्या विषम पटी प्रबळ असतात; दुप्पट दुर्बल असून तिप्पट सहज मिळते. परिणामी वरच्या पट्टीत गेल्यावर सप्तक न मिळता त्याच्याही पुढे पाच स्वर, म्हणजे षड्जावरून तार सप्तकाच्या पंचमावर उडी पडते. न्यूरेंबर्ग येथील योहान क्रिस्टोफ डेनर याने इ. स. १७०० च्या सुमारास जुन्या शालुमो या वाद्यावरून क्लॅरिनेट घडवले, असे मानले जाते. या नव्या वाद्याचे वैशिष्ट्य ही उडी हुकमीपणे घेता येणे हेच होते. त्यासाठी नळीच्या वरच्या भागात, डाव्या अंगठ्याने उघडता येणारे एक बारीक छिद्र असते. त्याच्या कळीला येथे रजिस्टर-कळ म्हटले आहे.

पुढे पॅरिसमध्ये यासँत क्लोझे हा वादक आणि लुई-ओग्युस्त ब्युफे हा कारागीर यांनी मिळून नव्या कळरचनेचे क्लॅरिनेट १८३९ मध्ये प्रदर्शित केले. १८४४ मध्ये त्याचे पेटंट घेण्यात आले. टेओबाल्ड ब्योम याने बासरीसाठी योजलेली वलयांची कल्पना तीत वापरल्यामुळे ती ब्योम पद्धती म्हणून ओळखली जाते. पुढील विवेचनात ही पद्धती गृहीत धरली आहे. जुन्या, कमी कळांच्या वाद्यांत कळा निराळ्या असतील. निदानाचे तत्त्व मात्र बदलत नाही.

३

ज्या स्वराविषयी सर्वाधिक तक्रार होते तो मधला ‘बी’ होय. स्वरलिपीत जो ‘बी’ लिहिला जातो तो नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर प्रत्यक्षात ‘ए’ ऐकू येतो, म्हणजे सेकंदाला ४४० कंपने. तो वाजवताना डावा अंगठा, डाव्या हाताची तीन बोटे, उजव्या हाताची तीन बोटे आणि एक करंगळी अशी आठ बोटे आपापली जागा बंद करतात. शिवाय तोच डावा अंगठा छिद्र झाकून ठेवतच रजिस्टर-कळ दाबतो. रजिस्टर-कळ सोडून बाकीची बोटे तशीच ठेवली की वाद्याचा सर्वांत खालचा ‘ई’ मिळतो. त्याची प्रत्यक्ष कंपनसंख्या सुमारे १४७. या संख्येची तिप्पट म्हणजे सुमारे ४४०.

हाच स्वर दगा का देतो, याची तीन कारणे आहेत. पहिले असे की, त्यासाठी जवळजवळ संपूर्ण नळी हवाबंद राहावी लागते. वाद्यात कोठेही गळती असो, ती याच स्वराच्या वाटेत येते. दुसरे कारण रजिस्टर-छिद्राच्या जागेचे. तिप्पट कंपनाच्या वेळी हवेचा दाब जेथे सर्वांत कमी बदलतो, असे स्थान स्तंभाच्या बंद टोकापासून एक-तृतीयांश अंतरावर असते. बारीक छिद्र तेथे असेल तर मूळ स्वर दबतो आणि वरचा मोकळा राहतो. परंतु प्रत्येक स्वराचा स्तंभ वेगळ्या लांबीचा असून छिद्र मात्र एकच. मधल्या स्वरांना सोयीचे पडेल अशा जागी ते ठेवलेले असते. सर्वांत लांब स्तंभाच्या ‘बी’ला ते योग्य स्थानाहून बरेच वर पडते. तिसरे कारण बोटांच्या हालचालीचे. ‘बी’च्या अलीकडील ‘ए’ हा स्वर एका बोटाने वाजतो. तेथून ‘बी’वर जाताना एका क्षणात आठही बोटांना आपापल्या जागी बसावे लागते. स्वरांच्या दोन पट्ट्यांमधील हा सांधा आहे, आणि सांधा हेच दुबळे स्थान असते.

तेव्हा मधला ‘बी’ हा सदोष स्वर नसून अत्यंत संवेदनशील साक्षीदार आहे. इतर स्वर जी गळती सोसून नेतात ती त्याला सोसत नाही. ‘बी’ लागत नाही म्हणून ‘बी’च्याच कळीवर हत्यार चालवणे हे, ताप येतो म्हणून तापमापक दुरुस्त करण्यासारखे आहे.

४

येथे पद्धतीचा प्रश्न उद्भवतो. एका स्वराच्या सिद्धीत आठ बोटे, दीड-दोन डझन छिद्रे, पत्ती, ओठ, श्वास व हवामान इतक्या गोष्टी एकत्र आलेल्या असताना दोषी कोण हे ठरवावे कसे? एकटा स्वर कितीही वेळा वाजवून पाहिला तरी हे कळणार नाही. भाषेतील ध्वनींच्या अभ्यासात हीच अडचण येते. ‘मण’ हा शब्द शंभरदा उच्चारून त्यातील कोणता ध्वनी अर्थभेद करतो हे समजत नाही. तो ‘मन’ या शब्दाशेजारी ठेवला की भेद एकाच ठिकाणी येऊन थांबतो. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे ‘जिवंत राहा’ या शब्दांत तर लेखनात काहीच भेद दिसत नाही. उच्चारांची जोडी समोर ठेवल्यावरच तालव्य व दंततालव्य ‘ज’ निराळे असल्याचे ध्यानात येते. १९३९ मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्रुबेत्स्कॉय याने ध्वनिविचाराची जी मांडणी केली तिचा पाया अशा विरोधांवरच उभा आहे.

भारतीय परंपरेला ही रीत नवी नाही. ‘वृक्षः’ व ‘वृक्षौ’ यांसारखी रूपे शेजारी ठेवून कोणता अंश कायम राहतो, कोणता जातो आणि त्याबरोबर अर्थातील काय राहते व काय जाते हे पाहून प्रकृती व प्रत्यय यांचे अर्थ वेगळे करणे, यालाच कात्यायन-पतंजलींच्या परंपरेत अन्वय-व्यतिरेकाचा आधार म्हणतात. एक असताना दुसरे असणे आणि एक नसताना दुसरे नसणे, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे कारणाचा माग लागतो.

क्लॅरिनेटच्या बाबतीत या रीतीचे रूपांतर असे करता येईल : दगा देणाऱ्या स्वराच्या जोडीला असा दुसरा स्वर घ्यावा की दोहोंत एकाच गोष्टीचा फरक असेल, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पत्ती बदलली, कळ वाकवली आणि ओठांची पकडही बदलली, अशा तीन गोष्टी एकदम करून स्वर सुधारला, तर तो का सुधारला हे कोणालाच सांगता येत नाही. आणि पुढच्या वरातीत तो पुन्हा बिघडला म्हणजे सर्व शोध पहिल्यापासून करावा लागतो.

५

जोड्या लावण्यापूर्वी तक्रार नेमक्या शब्दांत मांडली पाहिजे. ‘स्वर लागत नाही’ या एका वाक्यात निदान चार निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात. स्वर उमटतच नाही, नुसती हवा वाहते. स्वर उशिरा लागतो. स्वर दबून, घोगरा लागतो. किंवा भलताच वरचा स्वर चिरकून निघतो. स्वर लागतो पण बेसूर लागतो, ही पाचवी अवस्था येथे वगळली आहे, कारण तिची कारणे वेगळी. दबलेला स्वर बहुधा गळतीकडे बोट दाखवतो. चिरकणे हे बोट अर्धवट बसल्याचे, नकळत भलत्या कळीला हात लागल्याचे किंवा पत्तीच्या दोषाचे चिन्ह असू शकते. नळीच्या वरच्या भागातील बारीक गळती तर स्वतःच रजिस्टर-छिद्रासारखी वागते आणि खालचा स्वर वादकाने न मागता वर उडतो.

पहिली जोडी पत्तीची. दोष सर्व स्वरांत कमीअधिक प्रमाणात असेल, तर पत्ती व माउथपीस यांवर संशय घ्यावा. एकाच स्वरात असेल, तर पत्ती मूळ कारण असण्याचा संभव थोडा. तरीही तपासणे सोपे असल्याने प्रारंभ येथूनच करावा. चांगली म्हणून माहीत असलेली, नीट भिजवलेली दुसरी पत्ती लावावी व बाकी काही बदलू नये. दोष पत्तीबरोबर गेला तर शोध संपला.

दुसरी जोडी खालचा ‘ई’ आणि मधला ‘बी’ यांची. दोहोंत फरक फक्त रजिस्टर-कळीचा. ‘ई’ भरदार लागून ‘बी’च अडत असेल, तर दोष त्या कळीच्या परिसरात शोधावा : बारीक छिद्रात धूळ किंवा तंतू अडकले आहेत काय, तेथे पाण्याचा थेंब साचला आहे काय, कळ पुरेशी उघडते काय. येथेच आणखी एक प्रयोग निर्णायक ठरतो. वादकाने ‘ई’ धरून ठेवावा आणि रजिस्टर-कळ दुसऱ्याने दाबावी. ‘बी’ तत्काळ निघाला, तर वाद्य निर्दोष आहे. वादकाचा अंगठा कळ दाबताना छिद्रावरून किंचित सरकतो आहे. ही सवय लक्षात आली की काही दिवसांच्या अभ्यासाने जाते. न आली तर तिच्यापायी चांगले वाद्य दुरुस्तीला जाते.

‘ई’ही दबत असेल, तर मात्र गळती आहे असे समजावे. येथे तिसरी जोडी उपयोगी पडते : खालचा ‘एफ’ व खालचा ‘ई’. ‘ई’ची कळ दाबली म्हणजे तिने स्वतःचे पॅड आणि शेजारचे ‘एफ’चे पॅड अशी दोन पॅड एकाच क्षणी बसवायची असतात. त्यांतील एक केसभर आधी टेकले, तर दुसरे अधांतरी राहते. म्हणून ‘एफ’ उत्तम आणि ‘ई’ दबलेला, अशी स्थिती असेल तर या दोन पॅडांच्या मेळाकडे पाहावे. ‘ई’ डाव्या व उजव्या अशा दोन्ही करंगळ्यांनी वाजवता येतो. पॅड तीच, दांडा निराळा. एका करंगळीने स्वर लागतो व दुसरीने लागत नाही, असे आढळल्यास पॅड निर्दोष असून दांड्यात दोष आहे, हे सिद्ध होते. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर ही वैकल्पिक रूपे आहेत, आणि निदानाच्या कामी वैकल्पिक रूपांइतका उपयोगी पुरावा दुसरा नाही. ‘ई-फ्लॅट’ बाजूच्या कळीने लागून दोन्ही हातांच्या पहिल्या बोटांनी लागत नसेल, तर दोष वरच्या व खालच्या भागांना जोडणाऱ्या पुलासारख्या कळीत असतो. पुष्कळदा दोन भाग जोडताना किंचित तिरके बसलेले असतात, एवढेच.

‘एफ’देखील दबत असेल, तर शोध वर न्यावा. येथे एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे : गळतीचा परिणाम तिच्या खालच्या स्वरांवर होतो, वरच्यांवर होत नाही. वरचा स्वर वाजत असताना त्याच्या खालची छिद्रे उघडीच असतात. तेथे आणखी एक फट असली तरी बिघडत नाही. म्हणून सर्व बोटे मोकळी ठेवून मिळणाऱ्या ‘जी’पासून आरंभ करून, एकेक बोट ठेवत ‘एफ’, ‘ई’, ‘डी’, ‘सी’ असे खाली उतरावे. ज्या स्वरावर आवाजाचा पोत प्रथम बदलतो, त्या स्वरासाठी नव्याने बंद झालेली जागा किंवा तिच्या लगतची जागा दोषी धरावी. उतरतानाचा पहिला रोगी स्वर शोधायचा असतो. सर्वांत अधिक त्रास देणारा शेवटचा स्वर शोधून भागत नाही. सर्वच स्वर दबत असतील, तर गळती अगदी वर असते. तेथील ‘ए’च्या कळीवरील लहान स्क्रू जास्त आवळला गेला तर शेजारचे ‘जी-शार्प’चे पॅड पुरते बसत नाही, आणि त्या एका स्क्रूपायी खालचे सगळे स्वर घोगरे होतात.

संशयित जागा सापडल्यावर खात्री करण्याचे उपाय साधे आहेत. स्वर वाजत असताना दुसऱ्याने संशयित बंद कळ बोटाने हलकेच अधिक दाबावी. स्वर सुधारला तर तेथील स्प्रिंग दुबळी आहे किंवा पॅड झिजले आहे. सिगारेटच्या पातळ कागदाची अरुंद पट्टी पॅडखाली ठेवून कळ मिटावी व पट्टी ओढावी. चारही बाजूंनी सारखाच अडथळा जाणवला पाहिजे. वाद्याचा एक भाग सुटा करून, सर्व छिद्रे बोटांनी झाकून, खालचे तोंड तळहाताने बंद करून वरून हवा ओढावी. पोकळी काही क्षण टिकली तर भाग हवाबंद आहे. आणि बोटांची परीक्षा तर विनासाधन होते : बोटे दाबून उचलल्यावर त्यांच्या पेरांवर छिद्रांचे वर्तुळाकार ठसे उमटतात. ज्या बोटावरील वर्तुळ अपुरे, ते बोट छिद्र पुरते झाकत नाही. उजव्या हाताची अनामिका या बाबतीत विशेष अपराधी ठरते.

६

हेच वाद्य एका मोसमात निर्दोष आणि दुसऱ्यात सदोष का होते, याचे उत्तर हवामानात आहे. पारनेर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. तेथील लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि वैशाख-ज्येष्ठापर्यंत चालते. म्हणजे वाद्याला थंडीतील पहाटेचा गारवा आणि उन्हाळ्यातील चाळिशीच्या आसपासचे तापमान या दोन्ही टोकांना काम करावे लागते, तर पावसाळ्यातील दमट महिन्यांत, गणेशोत्सवासारखे प्रसंग सोडल्यास, ते बहुतांशी पेटीत पडून असते.

दमट हवेत पोलादी स्प्रिंगा गंजतात आणि पॅडांतील नमदा ओल धरून फुगतो. पुढे हवा कोरडी झाली की तेच पॅड आक्रसते व पूर्वीच्या ठशावर बसत नाही. त्यावरील पातळ पापुद्रा फाटला असेल तर गळती कायमची होते. उत्तम क्लॅरिनेटे पूर्व आफ्रिकेतील एका काळ्या लाकडाची घडवतात. हा वृक्ष वनस्पतिशास्त्रदृष्ट्या आपल्याकडील शिसवाच्याच प्रजातीतला आहे. लाकूड कोरडे पडले की आकुंचन पावते. सांध्यांवरील कड्या सैल होतात, कळांचे खांब हलू लागतात, आणि बाहेरून थंड असलेल्या नळीत एकदम गरम ओलसर फुंकर गेली तर वरच्या भागाला बारीक तडाही जातो. एबोनाइटच्या वाद्याला तडा जाण्याची भीती नसते. पण पॅड, बूच व स्प्रिंगा यांच्या बाबतीत तेही अपवाद नाही. थंड पहाटे फुंकरीतील वाफेचे पाणी होऊन ते रजिस्टर-छिद्रात किंवा बाजूच्या एखाद्या छिद्रात साचते. अशा वेळी स्वर अकस्मात अडतो आणि पॅडाखालचे पाणी कागदाने टिपून घेतले की तितक्याच अकस्मात सुटतो. ‘कधी लागतो, कधी लागत नाही’ या तक्रारीचे हे एक अगदी साधे, पण हमखास दुर्लक्षित होणारे कारण आहे.

यावरून वाद्याच्या निगेचे वेळापत्रक आपोआप ठरते. दसरा-दिवाळीच्या सुमारास, पहिल्या सुपारीपूर्वी, वर सांगितलेली उतरती परीक्षा एकदा करावी. वाजवून झाल्यावर नळी आतून कोरडी पुसावी. वाद्य तापलेल्या पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवू नये. बूच सैल झाल्यास सांध्यावर दोऱ्याचे वेढे द्यावेत. हा उपाय बुचाहूनही जुना आहे. स्प्रिंग ऐन वरातीत दुबळी पडली, तर नेहमी मिटलेली राहणारी कळ रबराच्या कड्याने धरून ठेवता येते. मात्र नेहमी उघडी असणारी कळ अशी बांधू नये, आणि कारण निश्चित होण्यापूर्वी कोणतीही कळ वाकवू नये. वाकवलेली कळ ही मूळ दोषात भर घालते आणि त्याचा मागही पुसून टाकते.

७

वरील विवेचनाचा इत्यर्थ असा की, न लागणारा स्वर हे दोषाचे स्थान नसून दोषाची वार्ता होय. वार्ता जेथे ऐकू येते तेथेच ती उगम पावलेली असते असे नाही. बहुधा तो उगम वरच्या अंगाला, एखाद्या दुर्लक्षित पॅडाखाली असतो. तेथवर पोहोचण्यास कानांइतकीच क्रमाची गरज असते : तक्रार नेमक्या शब्दांत मांडणे, एका भेदाची जोडी शोधणे, एका वेळी एकच बदल करणे, आणि पहिला रोगी स्वर सापडेपर्यंत एकेक पायरी उतरणे.

या क्रमाला महागडी उपकरणे लागत नाहीत. सुप्यासारख्या गावातील वादकाला एक जोडीदार, कागदाची एक पट्टी आणि अर्ध्या तासाची सवड एवढ्यावर तो पार पाडता येतो. त्यातून निष्पन्न होणारा लाभ मात्र दुहेरी आहे. वाद्य दोषी असेल तर नेमके काय दुरुस्त करायचे हे कारागिराला सांगता येते. वादकाचा अंगठा दोषी असेल तर वाद्यावरील खर्च वाचतो. आणि दोन्ही निर्दोष असून केवळ पाण्याचा एक थेंब आड आला असेल, तर वर्षानुवर्षे इमानाने वाजवणाऱ्या माणसाच्या माथी त्या थेंबाचा दोष येत नाही.